आमच्या माळ्याची लेव्हल

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी मोबाइलवर गेम खेळत नव्हतो. मी गेममधल्या चुका काढत होतो. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीत तो एकालाही कळत नाही. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलेला माणूस भरदिवसा फोनवर चेंडू घरंगळवताना दिसला, की "आगाशे सर रिकामे झाले" एवढं म्हणून लोक मोकळे होतात.

गेमचं नाव 'घरंगळ'. आमच्या वरच्या मजल्यावर अकोल्याचा अभिनव भाड्याने राहतो, आयटीत आहे. त्याने तो माझ्या फोनवर घालून दिला. "सर, तुमच्याच सब्जेक्टचा आहे बाप्पा, बघा तरी," म्हणाला. मी बघितला. वर एक चेंडू असतो, खाली एक बादली. चेंडू बादलीत पाडायचा. त्यासाठी आपण बोटाने पडद्यावर एक रेघ ओढायची. बोट टेकलेलं असेपर्यंत सगळं थांबलेलं असतं. बोट उचललं, की रेघेला वजन येतं, चेंडू सुटतो आणि पुढचं सारं गुरुत्वाकर्षण बघून घेतं. कमी रेघांत जमलं तर तीन तारे. अडलात तर एक जाहिरात बघायची, मग इशारा मिळतो. मी एकही इशारा घेतलेला नाही, हे नोंदवून ठेवा.

सुरुवातीच्या लेव्हल अगदीच बाळबोध. मग दोऱ्या येतात, स्प्रिंगा येतात, पंखे येतात, जमिनीवर बर्फ येतो. बाग संपली की कारखाना उघडतो, कारखान्यानंतर बंदर आणि मग 'घर'. प्रत्येक लेव्हल सोडवली की मी तिच्यामागचं शास्त्र 'खेळता खेळता विज्ञान' या ग्रुपवर समजावून सांगत असे. ग्रुप मीच काढलेला. त्यात अख्खी सोसायटी, माझे जुने विद्यार्थी आणि त्या विद्यार्थ्यांचे नातेवाईक. थोडक्यात, निम्म्या पुण्याला मी या गेमच्या नादी लावलं.

'घर' उघडलं आणि माझं डोकं फिरलं. मोझॅकच्या फरशीवरून चेंडू असा पळत होता, जणू फरशीला लोणी फासलंय! घर्षण म्हणून काही चीज असते की नाही? दुसरा कोणी असता तर दोन शिव्या हासडून गप्प बसला असता. मी कंपनीला पत्र लिहिलं. नुसतं पत्र लिहून भागलं नसतं, म्हणून पुरावा जोडला. आमच्या पॅसेजमध्ये गोटी सोडून तिचा व्हिडिओ काढला. आमची फरशी बाथरूमच्या दिशेने उतरती आहे, बिल्डरची कृपा. तो उतारही मोजून कळवला. सोबत खोल्यांची मापं, दारांची उंची, स्वयंपाकघराचा नकाशा, सगळं दिलं. आमची आनंदी म्हणाली, "अहो, त्यांना घर विकायचंय का आपलं?" मी म्हटलं, विज्ञानात अर्धवट माहिती देऊन चालत नाही.

उत्तर आलं, "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार." बस्स! पण पुढच्याच अपडेटमध्ये फरशी सुधारली होती. चेंडू आता जसा थांबायला हवा तसा थांबत होता. मी ग्रुपवर ही बातमी दिली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या रंगरावांनी, जे बँकेतून निवृत्त झाले असून कुणाचंही कौतुक करत नाहीत, अंगठा पाठवला.

त्यानंतरची लेव्हल उघडली तर समोर आमचा पॅसेज. तोच उतार, बाथरूमच्या दाराशी तडकलेली तीच फरशी. मी आधी सुखावलो, खोटं कशाला बोलू? मग स्वयंपाकघर आलं. ओट्याच्या वर माळा होता आणि माळ्याची दारं उघडी होती. व्हिडिओत मी माळा घेतला नव्हता. तो कधी उघडतच नाही, त्यामुळे आत काय आहे ते आम्हालाही ठाऊक नाही. पडद्यावर मात्र सगळं नीट मांडलेलं दिसत होतं. डावीकडे तांब्याचं घंगाळ, त्याच्यामागे पत्र्याची ट्रंक, मग पाटा, आणि अगदी कोपऱ्यात पाय मोडलेला लाकडी घोडा.

मी शिडी लावली. आनंदी खालून शिडी धरून म्हणत होती, "आज काय अचानक? दिवाळी लांब आहे." मी दार उघडलं. डावीकडे घंगाळ होतं, मागे ट्रंक, मग पाटा. कोपऱ्यात हात घातला तर बोटांना घोड्याचं नाक लागलं. आमच्याकडे घोडा होता हे आम्हा दोघांच्याही लक्षात नव्हतं. मी खाली उतरलो आणि पाणी प्यायलो. आनंदीला म्हटलं, झुरळं आहेत का ते बघत होतो.

पुढच्या लेव्हलमध्ये चेंडूने फळीवरची बरणी पाडायची होती. मी एका रेघेत पाडली. तीन तारे आले, आणि स्वयंपाकघरात खळ्ळकन आवाज झाला. लिंबाच्या लोणच्याची बरणी जमिनीवर, तेल बाथरूमच्या दिशेने निघालेलं. आनंदीने मांजराला शिव्या घातल्या. खिडकी बंद होती. मांजर तर आमच्या जिन्यात गेल्या वर्षापासून फिरकलेलं नाही.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, असं मी वर्गात घसा कोरडा करून सांगत आलो. म्हणून प्रयोग केला. पुढची लेव्हल खुंटीवरच्या छत्रीची होती. ती तशीच सोडून दिली, छत्री हलली नाही. सोडवली, छत्री पडली. त्यापुढची देव्हाऱ्यातल्या घंटेची. घंटा आपली आपण वाजली आणि आनंदीने आतून विचारलं, "आज परत पूजा?" लेव्हल संपली की पडद्यावर नेहमीचंच वाक्य येई: "पुढील स्तर आपली वाट पाहत आहे." आजवर त्या वाक्यातल्या मराठीला मी हसत होतो. आता ते वाचवेना.

रंगरावांचा सल्ला घेतला. म्हणजे मी घेतला नाही, त्यांनी दिला. "फोन बंद करून चालू करा." केला. "मग गेमच उडवून टाका. अक्कल लागते का याला?" उडवला. त्या दुपारी सगळी पेठ दारं लावून चिडीचूप पडलेली, रस्त्यावर एक स्कूटर नाही, आणि मी निश्चिंत मनाने पेपर वाचत होतो. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ किंचित तिरकं झालं. थांबलं. कुणीतरी विचार करत असावं, असं थांबलं. मग सुटलं आणि फुटलं. पाठोपाठ जिन्यात चपला वाजल्या आणि अभिनव दारात हजर. "सर, घड्याळवाली लेव्हल झाली! तीन तारे!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी खेळायचं थांबवून काही उपयोग नव्हता. अख्खा ग्रुप खेळत होता आणि सगळ्यांच्या फोनवर माझं घर होतं. मी गेम परत घेतला, निदान पुढे काय वाढून ठेवलंय ते तरी दिसेल म्हणून.

चौकीत जाऊन तक्रार करावी असं ठरलं. तिथले हवालदार फार सभ्य होते.

"गेममध्ये घर कुणाचं आहे?"

"माझं."

"कशावरून? घर नावावर असल्याचं इंडेक्स टू आणलंय?"

"अहो, गेममधल्या घराचं इंडेक्स टू कुठून आणू?"

"तुमच्याच घराचं आणा की. मग दोन्ही घरं ताडून बघता येतील. बरं, नुकसान काय?"

"लोणचं. आणि घड्याळ."

"संशय कुणावर?"

मी गुरुत्वाकर्षण म्हणणार होतो, पण जीभ आवरली. त्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि मला उन्हातून फिरू नका असं सांगितलं. बोलण्यातली काळजी खरी होती, तीच जास्त लागली.

घरी येऊन फोन उघडला तर नवी लेव्हल लागलेली. स्वयंपाकघर, माळा आणि माळ्याखाली वेताची खुर्ची. आजवर 'घरंगळ'मध्ये माणूस नव्हता. आता खुर्चीत एक बाई बसली होती. तिला चेहरा नव्हता, नुसता गुळगुळीत गोल. मांडीवर सूप. ती शेंगा सोलत होती, मध्येच मनगटाने कपाळावरचे केस मागे सारत होती. मी फोनवरून नजर उचलली. आनंदी वेताच्या खुर्चीत बसून मटार सोलत होती. तिने मनगटाने केस मागे सारले. मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बादली कुठेच नव्हती. घंगाळ माळ्याच्या कडेला आलं होतं आणि बाईच्या डोक्यावर बारीक लाल वर्तुळ होतं.

"आनंदी, तिथून ऊठ."

"का? इथे वारा येतो."

"ऊठ म्हणतो ना!"

लग्नानंतर मी तिच्यावर पहिल्यांदाच ओरडलो असेन. ती उठली, पण सूप ओट्यावर आदळून. पडद्यावरची बाईही उठली आणि तिनेही सूप आदळलं.

मी घंगाळ उतरवून खाली रंगरावांकडे नेऊन ठेवलं. चित्रात पाटा कडेला आला. पाटा उतरवला तर ट्रंक. ट्रंक, घोडा, सगळा माळा मी रंगरावांच्या हॉलमध्ये नेऊन रचला. ते म्हणाले, "घर बदलताय की माझं भरताय?" माळा रिकामा झाला तेव्हा चित्रात माळ्याचंच प्लायवुडचं जाड दार एका बिजागरीवर लोंबू लागलं, आणि मान वर केली तर खरं दारही. सुताराला फोन केला. तो म्हणाला, या आठवड्यात मरायला वेळ नाही. मी म्हटलं, हळू बोला.

मग आनंदीला घेऊन मांजरी गावात तिच्या बहिणीकडे, मुक्ताईकडे गेलो. नवी सोसायटी, मागे ऊस, मोकळी हवा. तिथे माळाच नाही! चहा पिताना फोन उघडला. चित्रात गॅलरी होती, पलीकडे ऊस डोलत होता, कठड्यावर मुक्ताईच्या कुंड्या होत्या आणि खाली आवारात ती बिनचेहऱ्याची बाई आळूची पानं खुडत होती. मी खाली धावलो. मुक्ताई म्हणाली, "भावजी, तुम्हाला बरं नाहीये का?" लगेच रिक्षा करून आम्ही परतलो. कुठेही नेलं तरी वर काहीतरी असणारच. त्यापेक्षा माझं ओळखीचं घर बरं.

आनंदीला मी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती हसली असती, आणि हसली नसती तर त्याहून वाईट. ती लेव्हल तेवढी खेळू नकोस, असं बजावलं.

इकडे ग्रुप खवळला होता. "सर, या लेव्हलचं स्पष्टीकरण कधी?" "सर, अडलोय." लेव्हल कठीण होती, अजून कुणालाच सुटली नव्हती. मला मात्र बघताक्षणी सुटली होती. एकच रेघ, डावीकडून किंचित तिरकी. ती सुटू नये असं जन्मात पहिल्यांदा वाटत होतं, आणि ती सोडवायला लागणारं सगळं ज्यांना येत होतं त्यांना ते मीच शिकवलं होतं.

शेवटी मी एक काम केलं. ते लिहितानाही कानशिलं तापतात. मी ग्रुपवर चुकीचं फिजिक्स शिकवलं. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर खाली पडते, असं मी, माधव आगाशे, स्वतःच्या नावानिशी लिहिलं. म्हणून रेघ उजवीकडून ओढा, म्हणालो. आकृतीही काढून दिली. आकृती सुबक होती.

सरांनी सांगितलं म्हणून सगळ्यांनी उजवीकडून ओढली. सगळे नापास. माळ्याचं दार दिवसभर कुरकुरत राहिलं, पण पडलं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

मग नम्रता उगवली. माझी लाडकी विद्यार्थिनी, आता कात्रजला शिकवते. "सर, क्षमा करा, पण हेच वाक्य पेपरात लिहिलं म्हणून तुम्ही मला शून्य दिलं होतंत." त्यावर ग्रुपला कंठ फुटला. कुणी हसरे चेहरे पाठवले, कुणी "वयोमानानुसार" असं लिहिलं, कुणी मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर टाकला. रंगराव जिन्यात भेटले आणि माझ्याशी हळू आणि स्पष्ट बोलू लागले. मी सगळं गिळलं. हसा लेको, म्हटलं, पण उजवीकडूनच ओढा.

आनंदीने मात्र ते गिळलं नाही. तिने ग्रुप वाचला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दळण घेऊन आलो. जिन्यात सामसूम. दार नुसतं लोटलेलं. स्वयंपाकघरात ती वेताच्या खुर्चीत बसली होती, चष्मा नाकावर, हातात फोन आणि बोट पडद्यावर टेकलेलं. वर प्लायवुडचं दार एका बिजागरीवर.

"या," ती म्हणाली. गाल लाल झाले होते. "डावीकडून किंचित तिरकी ओढायची आहे. इतकी वर्षं शिकवण्या आपल्याच घरात चालायच्या, भाजी चिरता चिरता मीही ऐकत होते. आता ग्रुपवर टाकते, आमच्या ह्यांनीच सोडवली म्हणून. बघू कोण डॉक्टरचा नंबर देतं ते!"

"आनंदी, बोट उचलू नकोस!"

एवढ्या मोठ्याने ओरडल्यावर कोणीही दचकेल. ती दचकली. बोट उचललं गेलं.

वर काहीतरी हळूच सुटल्यासारखा आवाज झाला. दार निखळून आधी माळ्याच्या कडेवर सरकलं, अगदी तिने ओढलेल्या रेघेवरून सरकावं तसं, आणि खाली यायला लागलं. मी पिठाचा डबा टाकला आणि तिच्यावर झेप घेतली. माझ्या वयाला ती झेप शोभत नव्हती. दार माझ्या खांद्यावर बसलं. काडकन वाजलं ते दार नव्हतं.

पीठ खाली बसल्यावर आम्ही दोघं जमिनीवर होतो, पांढरेफटक. आनंदी रडत होती, "अहो, बोला ना, अहो." तिच्या केसालाही धक्का लागला नव्हता. फोन आमच्या मध्ये पडला होता आणि त्यावर अक्षरं आली होती, "पुन्हा प्रयत्न करा." असा आनंद मला कुठल्याच ताऱ्यांनी दिला नव्हता. मी नापास झालेल्या बायकोला चांगल्या हाताने जवळ घेतलं आणि सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिने वर माळ्याच्या रिकाम्या भोकाकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला.

आता खांदा प्लास्टरमध्ये आहे आणि मी आनंदीच्या शेजारून हलत नाही. भाजीला जाते, मी बरोबर. देवळात जाते, मी बरोबर, छपराकडे बघत. बायकांच्या भिशीतही मी एका कोपऱ्यात बसून असतो. लोक म्हणतात, म्हातारपणी प्रेमाला भरतं आलंय. रंगरावांच्या मिसेस त्यांना माझं उदाहरण देतात म्हणून ते माझ्याशी बोलत नाहीत.

लेव्हल अजून तीच आहे, आम्ही बसू तिथे वर काहीतरी लोंबतंच. फक्त चित्रात बाईशेजारी आता एक म्हातारा असतो, हात गळ्यात बांधलेला. त्यालाही चेहरा नाही. ग्रुपवर आनंदीची रेघ कुणीतरी शोधून काढली, पण तिने भागत नाही.

"सर, तो म्हातारा मधात येते," अभिनवने लिहिलं. "त्याले आधी बाजूला काढा लागन."

काल नम्रताचं उत्तर आलं. "मी नीट निरीक्षण केलं सर, तुम्ही शिकवलंत तसं. दुपारी जेवणानंतर म्हातारा डुलक्या घेतो. तेवढ्या वेळात जमेल. उद्या करून बघते."

आत्ता जेवण झालंय. पेठ शांत आहे. काळा चहा घेऊन मी आनंदीच्या शेजारी बसलोय आणि पापण्या जड होतायत. तिने माझ्या डोक्याखाली उशी सारली आहे आणि ती म्हणते आहे, "पडा हो जरा. मी जागी आहे."